भाषाभेद की अध्ययनदोष? बुलढाणा जिल्ह्यातील शालेय साहाय्याचे स्तर आणि विशेष शिक्षणासाठीचे मूल्यमापन

१. विषयाची मांडणी

तिसऱ्या इयत्तेतील एखाद्या मुलास पाठ्यपुस्तकातील साधा परिच्छेद वाचता येत नाही, असे आढळल्यास त्यावरून कोणता निष्कर्ष काढावा? हा प्रश्न वरवर पाहता केवळ वर्गशिक्षकाचा वाटतो. वस्तुतः तो भाषाशास्त्राचाही आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यासारख्या बहुभाषिक प्रदेशात तर भाषाशास्त्राच्या साहाय्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळणे दुरापास्त आहे.

न वाचता येणे हे लक्षण एकच असले, तरी त्याची कारणे निदान चार प्रकारची संभवतात. पहिले कारण असे की, मुलास पुरेसे अध्यापनच मिळालेले नसते. दुसरे, शाळेची भाषा ही त्याच्या घरची भाषा नसते. तिसरे, त्याच्या कानात अथवा डोळ्यांत दोष असतो. चौथे, त्यास विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा बौद्धिक अक्षमता असते. या चारही प्रकारच्या मुलांना वर्गात मागच्या बाकावर बसविले की ती एकसारखीच दिसतात. परंतु त्यांच्यावरील उपाय अगदी भिन्न आहेत. पहिल्यास शिक्षक हवा, दुसऱ्यास भाषेचा पूल हवा, तिसऱ्यास श्रवणयंत्र किंवा चष्मा हवा आणि चौथ्यास विशेष शिक्षण हवे. कारण ओळखण्यात चूक झाली, तर चुकीचा उपाय वर्षानुवर्षे चालू राहतो.

ही कारणे वेगळी करण्याची दोन साधने आज शिक्षणशास्त्रात मान्य झाली आहेत. एक म्हणजे शाळेतच टप्प्याटप्प्याने वाढत जाणारे, म्हणजे स्तरबद्ध, साहाय्य. आणि दुसरे म्हणजे विशेष शिक्षणाची आवश्यकता ठरविणारे तज्ज्ञांचे मूल्यमापन. या दोहोंचा परस्परसंबंध काय असावा, आणि मुलाची मातृभाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असताना तो संबंध कसा बदलतो, याचे विवेचन येथे योजिले आहे.

२. स्तरबद्ध साहाय्याची कल्पना

या कल्पनेचे मूळ सार्वजनिक आरोग्यशास्त्रात आहे. रोगप्रतिबंधाचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे तीन स्तर तेथे मानले जातात. जेराल्ड कॅप्लन यांनी १९६४ साली ही विभागणी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात विस्ताराने मांडली, आणि पुढे तीच शाळेत आली. पहिल्या स्तरावर वर्गातील सर्व मुलांना चांगले, पद्धतशीर अध्यापन मिळते. त्यानेही जी मुले मागे राहतात, त्यांना दुसऱ्या स्तरावर लहान गट करून काही आठवडे अधिक शिकविले जाते व त्यांच्या प्रगतीची वारंवार नोंद ठेवली जाते. त्यानंतरही ज्यांची प्रगती होत नाही, अशा थोड्या मुलांना तिसऱ्या स्तरावर एकेकटे व अधिक सखोल साहाय्य दिले जाते.

अमेरिकेत या पद्धतीस कायद्याचे अधिष्ठान कसे मिळाले, हा इतिहास उद्बोधक आहे. अपंग मुलांच्या शिक्षणाचा मूलभूत कायदा तेथे १९७५ साली झाला. १९७७ च्या नियमांनी अध्ययन अक्षमता ठरविण्यासाठी बुद्धिमापनाचा अंक आणि प्रत्यक्ष शालेय संपादन यांतील मोठी तफावत ही कसोटी घातली. या कसोटीवर पुढे कठोर टीका झाली. तफावत पुरेशी रुंदावण्यास मुलास तीन-चार वर्षे नापास होत राहावे लागे. म्हणजे साहाय्य मिळविण्यासाठी आधी अपयश साठवावे लागे. म्हणून २००४ च्या दुरुस्तीने, मूल शास्त्रशुद्ध अध्यापनास कसा प्रतिसाद देते हे पाहून निर्णय घेण्यास मुभा दिली. याच कायद्यात आणखी एक महत्त्वाचे बंधन आहे. वाचनाचे किंवा गणिताचे योग्य अध्यापन न मिळणे, अथवा इंग्रजी भाषेचे ज्ञान मर्यादित असणे, हे अपयशाचे निर्णायक कारण असेल, तर त्या मुलास अपंग ठरविता येत नाही.

तथापि नव्या पद्धतीचाही दुरुपयोग होऊ लागला. ‘आधी दुसरा स्तर पूर्ण होऊ द्या, मग तिसरा पाहू, मग मूल्यमापनाचे बोलू,’ अशी उत्तरे पालकांना मिळू लागली. तेव्हा जानेवारी २०११ मध्ये संघराज्याच्या शिक्षण विभागाने राज्यांना स्पष्ट कळविले की, स्तरबद्ध साहाय्य चालू आहे या सबबीवर मूल्यमापन लांबविता किंवा नाकारता येणार नाही. अर्थात स्तर हे अध्यापनाचे साधन आहे. मूल्यमापनाच्या दारावरचा तो पहारा नव्हे. हा भेद पुढील विवेचनात मध्यवर्ती आहे.

३. भारतीय कायद्यातील घटक

आपल्याकडे अशी स्तररचना कोणत्याही एका कायद्याने नावानिशी घालून दिलेली नाही. परंतु तिचे घटक निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पारखून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्या स्तराचे याहून स्पष्ट वर्णन करता येणार नाही. कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम, व्यवहार्य असेल तेथवर, बालकाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. त्याही पूर्वी, १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने घातलेल्या ३५०-अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांना सांगितले होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार मानले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेस त्यांत प्रथमच स्थान दिले. परीक्षेतील सवलतींच्या बाबतीत महाराष्ट्राने याआधीच, १९९६ पासून, या मुलांची दखल घेण्यास आरंभ केला होता. या अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थांनी अशी अक्षमता शक्य तितक्या लवकर हेरून अध्यापनाचे योग्य उपाय योजावयाचे आहेत. कायद्याच्या परिशिष्टातील व्याख्या भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. बोललेल्या अथवा लिहिलेल्या भाषेच्या प्रक्रियेतील न्यूनता, जी आकलन, बोलणे, वाचन, लेखन, वर्णलेखन वा गणन यांतील अडचणीच्या रूपाने प्रकट होते, असा तिचा आशय आहे. व्याख्येच्या केंद्रस्थानी भाषाच आहे. पण ‘कोणती भाषा’ याविषयी ती मौन पाळते.

४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निदानाचा क्रम असा ठरविला होता: तिसऱ्या इयत्तेत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी चाचपणी करावी, शंका असलेल्या मुलास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे, तेथे बालरोगतज्ज्ञाने दृष्टी व श्रवण यांसह तपासणी करावी, मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमापन करून मग बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या चाचणीसंचाने अध्ययन अक्षमता पारखावी. आठ वर्षांच्या आत प्रमाणपत्र द्यावयाचे नाही, असाही त्यात नियम होता. ही तत्त्वे २०२४ साली सुधारण्यात आली. येथे महत्त्वाचा आहे तो त्यामागील विचार. अक्षर शिकण्याची पुरेशी संधी मिळाल्याखेरीज अक्षरदोषाचे निदान करू नये, हा तो विचार होय. तो योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ पहिली-दुसरीतील मुलाने हात बांधून आठव्या वर्षाची वाट पाहावी असा नाही. प्रमाणपत्राचा संबंध सवलती आणि आरक्षण यांच्याशी आहे. वर्गातील साहाय्याचा हक्क प्रमाणपत्रापूर्वीच निर्माण होतो.

यांच्या जोडीला आणखी काही यंत्रणा आहेत. समग्र शिक्षा योजनेखाली (२०१८) समावेशित शिक्षणासाठी गटसाधन केंद्रांतून विशेष शिक्षकांची व्यवस्था केली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रशस्त’ नावाची चाचपणीसूची तयार केली असून तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा भाग विशेष शिक्षकादी जाणत्यांनी भरावयाचा असतो. ही सूची निदान करीत नाही. ती केवळ पुढील तपासणीची दिशा दाखविते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट देऊन मुलांची तपासणी करावी असे अभिप्रेत आहे. तात्पर्य, घटक उपलब्ध आहेत. त्यांना एका सूत्रात ओवण्याचे काम शाळेच्या पातळीवर व्हावयाचे आहे.

४. जिल्ह्याची भाषिक स्थिती

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यातील तालुके घाटाखालचे. खोऱ्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके आहेत. जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी वऱ्हाडी बोली आहे. तिच्यात मराठवाड्याच्या व खानदेशच्या सीमेकडे जाताना फरक पडत जातो. शहरांतून उर्दू आहे, तांड्यांवर बंजारा बोली आहे, आणि सातपुड्याच्या कुशीत भिल्ली गटातील बोली, कोरकू व निहाली आहेत. पाठ्यपुस्तक मात्र बहुतेक शाळांत प्रमाण मराठीचे आहे.

प्रथम वऱ्हाडीचे उदाहरण घेऊ. या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो: ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘शाळेत’ऐवजी ‘शायेत’. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो: ‘पानी’, ‘कोन’. ‘वि’ने सुरू होणाऱ्या शब्दांतील ‘व’ गळतो: ‘इहीर’, ‘इचार’. चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ असतो: ‘मले’, ‘तुले’. आता श्रुतलेखनात एखाद्या मुलाने ‘डोया’, ‘पानी’, ‘इहीर’ असे लिहिले, तर दहांपैकी तीन शब्द चुकले अशी नोंद होते. परंतु हे शब्द ‘चुकलेले’ नाहीत. मुलाने आपल्या कानावर रुळलेला ध्वनी अचूक अक्षरात उतरविला आहे. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड त्यास उत्तम साधली आहे, असाच त्याचा अर्थ होतो. त्याचप्रमाणे छापलेला ‘डोळा’ हा शब्द पाहून मुलाने ‘डोया’ असा उच्चार केला, तर त्याने अक्षरे ओळखली, अर्थ जाणला आणि तो अर्थ आपल्या बोलीत सांगितला. वाचनदोष असलेल्या मुलास नेमके हेच जमत नाही. म्हणजे ज्या पुराव्यावरून दोषाचा संशय घेतला जातो, तोच वस्तुतः दोष नसल्याचा पुरावा ठरतो.

ध्वनिजाणिवेची एक सर्वपरिचित कसोटी अशी असते: ‘कमळ’ या शब्दातून ‘क’ काढला तर काय उरते? ‘मळ’ हे उत्तर बरोबर धरले जाते. वऱ्हाडी मुलाने ‘मय’ असे म्हटले तर तेही तितकेच बरोबर आहे. कारण कसोटी ‘ळ’च्या उच्चाराची नसून ध्वनी सुटा करण्याच्या शक्तीची आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास बोलीचे हे नियम ठाऊक नसतील, तर हुशार मुलाचा अंक खाली जातो.

दुसरी गोष्ट लिपीची. देवनागरीत प्रत्येक व्यंजनासह स्वरचिन्ह येत असल्यामुळे अक्षरांची संख्या मोठी होते. पहिली वेलांटी उच्चारात मागून येते पण लिहिताना आधी येते. रफार व जोडाक्षरे यांची वेगळीच अडचण असते. कन्नड मुलांच्या वाचनावरील सोनाली नाग यांच्या संशोधनावरून (२००७) असे दिसते की, भारतीय अक्षरलिप्यांत अक्षरज्ञान पक्के होण्यास प्राथमिक शाळेची अनेक वर्षे लागतात. इंग्रजीसाठी ठरविलेली वयोमाने येथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पुष्कळ अंशी परंपरेवर आधारलेले असून प्रौढ सुशिक्षितांच्याही लेखनात ते चुकतात. अशा चुकांना निदानात वजन देणे युक्त नव्हे.

५. कोरकू व निहाली

सातपुड्याच्या पायथ्याशी हा प्रश्न अधिक गहन होतो. कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक होती, आणि त्यांतील बहुतेक मेळघाटात व मध्य प्रदेशातील लगतच्या जिल्ह्यांत राहतात. कोरकूत नामांचे वर्गीकरण सचेतन व अचेतन असे होते. मराठीसारखी तीन व्याकरणिक लिंगे तेथे नाहीत. उलट वचने मात्र तीन आहेत. एकवचन व अनेकवचन यांच्या बरोबरीने द्विवचनही आहे. अशा मुलाला ‘तो डोंगर’, ‘ती नदी’, ‘ते झाड’ या तीन अचेतन वस्तूंना तीन निरनिराळी सर्वनामे का, याचा उलगडा होणे कठीण. त्याने ‘ती झाड’ म्हटले, तर तो दुसरी भाषा शिकणाऱ्याचा स्वाभाविक टप्पा होय. भाषाविकासातील दोष नव्हे.

निहालीची स्थिती याहून विलक्षण आहे. जळगाव जामोद तालुक्यातील जामोद परिसराच्या काही वस्त्यांत बोलली जाणारी ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुलात निश्चितपणे बसत नाही. कायपर यांनी १९६२ साली केलेल्या तौलनिक अभ्यासात असे दाखविले की, तिच्या शब्दसंग्रहात कोरकू, द्राविडी व आर्य भाषांतून आलेल्या शब्दांचा मोठा भरणा आहे. पण सुमारे एक-चतुर्थांश शब्दांचा संबंध अन्य कोठेही जुळत नाही. के. एस. नागराज यांचे या भाषेवरील पुस्तक २०१४ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने प्रसिद्ध केले. भाषकांची संख्या दोन ते अडीच हजार मानली जाते. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे दिले जात नसल्यामुळे शासकीय तक्त्यांत ती दिसतही नाही. निहाल मुलाच्या कानावर घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात हिंदी किंवा वऱ्हाडी आणि शाळेत प्रमाण मराठी असा क्रम येतो. म्हणजे शाळेत प्रवेश करताना हे मूल शाळेच्या भाषेत कच्चे असले, तरी भाषाव्यवहारात ते एकभाषिक मुलापेक्षा अनुभवी असते.

६. चुकीची दोन रूपे

या परिस्थितीत चूक दोन दिशांनी होऊ शकते. पहिली चूक म्हणजे भाषाभेदास दोष समजणे. कॅलिफोर्नियातील ‘डायना’ खटला (१९७०) हे तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे. स्पॅनिश भाषक घरांतील नऊ मुलांना इंग्रजीतून घेतलेल्या बुद्धिमापनाच्या आधारे मंदबुद्धीच्या वर्गात बसविण्यात आले होते. दोन्ही भाषांतून फेरचाचणी घेताच त्यांतील बहुतेकांचे अंक त्या वर्गाच्या मर्यादेबाहेर गेले. मुले तीच होती. बदलली ती केवळ प्रश्नाची भाषा. यानंतर मुलाच्या मातृभाषेत मूल्यमापन करण्याचे तत्त्व तेथे रूढ झाले.

दुसरी चूक याच्या उलट, आणि तिची चर्चा त्या मानाने कमी होते. ती म्हणजे खऱ्या दोषावर भाषाभेदाचे पांघरूण घालणे. ‘त्याच्या घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू,’ असे म्हणून शिक्षक सहानुभूतीनेच मुलाकडे दुर्लक्ष करतो. वारंवार कान फुटल्यामुळे ज्याला कमी ऐकू येते, असे मूल वर्गात गप्प असते. मराठी न समजणारे मूलही गप्पच असते. दोघांच्या मौनात बाहेरून फरक दिसत नाही. पहिल्याचे कान वेळीच तपासले नाहीत, तर भाषा शिकण्याचा मोलाचा काळ निघून जातो. जिल्ह्यातील काही कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर हंगामी स्थलांतर करतात. त्यांच्या मुलांबाबतही हेच घडते. ‘शाळाच बुडाली, मग वाचणार कसे?’ हे स्पष्टीकरण बहुधा खरे असते. पण ते प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरे असेलच असे नाही.

पहिल्या चुकीने निरोगी मुलावर शिक्का बसतो, दुसरीने गरजू मुलाचा हक्क बुडतो. म्हणून केवळ सावधगिरी हा यावरील उपाय होऊ शकत नाही. एका चुकीपासून जितके दूर जावे तितके दुसरीच्या जवळ आपण जातो.

७. प्रमाणित चाचणीवाचून मूल्यमापन

निहालीत प्रमाणित भाषाचाचणी नाही, आणि अडीच हजार भाषकांच्या समाजात वयोगटवार प्रमाणके काढण्याइतकी मुले मिळणेही शक्य नाही. तेव्हा मातृभाषेत मूल्यमापन हे तत्त्व येथे निराळ्या मार्गांनी पाळावे लागते. असे निदान चार मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग पालकांच्या मुलाखतीचा. खरा भाषादोष केवळ दुसऱ्या भाषेत प्रकट होत नाही. तो घरच्या भाषेतही असतो. म्हणून आईला किंवा आजीला विचारावे: हे मूल भावंडांच्या मानाने उशिरा बोलू लागले काय? घरी सांगितलेले काम त्यास एकदा सांगून समजते काय? आपली हकीकत ते घरच्या भाषेत सुसंगत सांगते काय? घरी बोलके आणि शाळेत मुके असलेल्या मुलाचा प्रश्न भाषेचा असतो; दोन्हीकडे अडखळणाऱ्या मुलाची तपासणी तातडीने व्हावी. ही मुलाखत घेण्यास दुभाषी हवा, आणि तो मुलाच्या धाकट्या भावाबहिणीपेक्षा वस्तीतील जाणता प्रौढ असावा.

दुसरा मार्ग स्थानिक तुलनेचा. मुलाची तुलना पुण्याच्या किंवा बंगळूरच्या मुलाशी न करता त्याच वस्तीतील, त्याच भाषेच्या, तितकीच शाळा मिळालेल्या मुलांशी करावी. तिसरा मार्ग भाषेवर अवलंबून नसलेल्या तपासणीचा. श्रवणमापन, दृष्टितपासणी, आकृत्यांवरील बुद्धिमापन यांना मराठी फारशी लागत नाही. सूचना मात्र मुलास समजतील अशाच द्याव्या लागतात.

चौथा मार्ग सर्वांत महत्त्वाचा. मुलास आज काय येते एवढेच न पाहता, शिकविल्यावर ते किती वेगाने शिकते हे पाहणे, हा तो मार्ग होय. आधी पारखावे, मग थोडे शिकवावे, पुन्हा पारखावे. या विचाराचे मूळ व्हिगॉट्स्की यांच्या सिद्धान्तात असून फॉयरस्टाइन यांनी अशा मूल्यमापनाची पद्धत घडविली. नवे शब्द व नवी अक्षरे समोर ठेवली असता भाषाभेद असलेले निरोगी मूल ती झपाट्याने आत्मसात करते. दोष असलेल्या मुलास त्याच श्रमात अल्प लाभ होतो. आणि येथेच मूल्यमापन व स्तरबद्ध साहाय्य यांचा आंतरिक संबंध स्पष्ट होतो. शाळेत दहा आठवडे चालणारा दुसरा स्तर म्हणजे याच पद्धतीचे विस्तारित रूप आहे. रुग्णालयातील तज्ज्ञ एका दिवसात जे पाहू शकत नाही, ते शिक्षकाच्या वहीत दहा आठवड्यांत उमटलेले असते.

८. परस्परसंबंधाचे नियम

उदाहरणादाखल चोवीस मुलांचा एक कल्पित वर्ग घेऊ. तिसरीच्या आरंभी त्यांतील पंधरा मुलांना परिच्छेद वाचता येत नाही. पंधराही मुलांना अध्ययन अक्षमता असणे संभवनीय नाही. अर्थात बिघाड पहिल्या स्तरावर, म्हणजे अध्यापनात किंवा माध्यमात, आहे. अशा वर्गातून मुले उचलून तपासणीस पाठविण्याआधी वर्गातील अध्यापन सुधारणे हेच इष्ट. पालघर जिल्ह्यातील वाडा व कर्नाटकातील यादगीर येथे झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन साक्षरता-अभ्यासानेही मुलांच्या अपयशाच्या मुळाशी असलेल्या अध्यापनपद्धतीकडे व पाठ्यक्रमाकडेच लक्ष वेधले आहे. आता समजा, या वर्गात घरच्या भाषेचा आधार घेऊन, मुलांचे अक्षर, शब्द, परिच्छेद असे पातळीनुसार गट करून, रोज तासभर वाचन घेतले. दहा आठवड्यांनी अकरा मुले पुढे सरकली. चार जागीच राहिली. ही चार मुले आता वेगळी दिसू लागतात, कारण भाषा व संधी बाकीच्यांसारखीच असताना ती मागे आहेत. त्यांचे मूल्यमापन व्हावयास हवे, आणि त्यासाठीचा अर्धा पुरावा आधीच जमलेला आहे.

यावरून पुढील नियम निष्पन्न होतात. एक, साहाय्य हे संशयाच्या पहिल्याच क्षणी सुरू व्हावे. त्यासाठी निदानाची वा प्रमाणपत्राची वाट पाहू नये. दोन, कान व डोळे यांची तपासणी कोणत्याही स्तराच्या आधी व्हावी, कारण ऐकू न येणाऱ्या मुलास दहा आठवडे अधिक बोलून दाखविण्यात काहीच हशील नाही. तीन, ज्या मुलात दोषाची स्पष्ट चिन्हे आहेत, किंवा ज्याचे पालक मूल्यमापन मागत आहेत, त्याला सर्व स्तर ओलांडण्यास भाग पाडू नये; साहाय्य व मूल्यमापन एकाच वेळी चालावे. चार, दुसऱ्या स्तराची मुदत आरंभीच लिहून ठरवावी. मुदतीवाचूनचे साहाय्य म्हणजे सभ्य शब्दांत केलेली टाळाटाळ होय. पाच, मूल्यमापनास पाठविताना केवळ ‘मागे आहे’ असा शेरा न लिहिता घरची भाषा, शाळेतील हजेरी, काय शिकविले, कोणत्या चुका टिकल्या व कोणत्या गेल्या, याची नोंद सोबत द्यावी. आणि बोलीच्या नियमाने स्पष्ट होणाऱ्या चुका वेगळ्या काढून मगच चुकांची गणती करावी. सहा, मूल्यमापनात अक्षमता आढळली नाही, तरी साहाय्य थांबू नये. कारण मूल अद्याप वाचत नाही ही वस्तुस्थिती निदानाने पालटत नाही.

यांतील पाचवा नियम बुलढाण्यास विशेष लागू आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेचे खोरे ओलांडून, घाट चढून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत येण्यात मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाचा एक दिवस आणि एक दिवसाचा रोजगार जातो. कागद अपुरे म्हणून त्यांस परत पाठविले, तर ते पुन्हा येतीलच याची शाश्वती नसते. शाळेने दिलेली नोंद परिपूर्ण असेल, तर तो एक प्रवास सार्थकी लागतो.

९. समारोप

स्तरबद्ध साहाय्य आणि विशेष शिक्षणासाठीचे मूल्यमापन यांपैकी एक दुसऱ्याची पायरी नव्हे, आणि एक दुसऱ्याचा पर्यायही नव्हे. पहिले ‘या मुलास आता काय शिकवावे’ या प्रश्नाचे उत्तर देते. दुसरे ‘या मुलास असे का होते आणि कायद्याने त्याचे काय देणे लागते’ या प्रश्नाचे. पहिल्याच्या नोंदी दुसऱ्यास पुरावा पुरवितात. दुसऱ्याचे निष्कर्ष पहिल्यास दिशा देतात.

या कार्यात विद्यापीठांच्या भाषाविभागांचा वाटा गौण नाही. वऱ्हाडी, बंजारा, कोरकू व निहाली या भाषांतून मराठी शिकताना कोणत्या चुका नियमाने होतात, त्यांच्या याद्या शिक्षकांच्या उपयोगी पडतील अशा रूपात तयार करणे; पालकांच्या मुलाखतीची प्रश्नावली या भाषांत सिद्ध करणे; पाच ते आठ वयाच्या मुलांच्या घरच्या भाषेतील कथनांचे ध्वनिमुद्रण करून विकासाचे सामान्य स्वरूप वर्णिणे; ही कामे पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील आहेत. बोलींचे वर्णन करणाऱ्या अभ्यासाचा उपयोग आजवर प्रायः इतिहास व वर्गीकरण यांसाठी झाला. त्याच अभ्यासातील एखादे पान, ‘ळ’चा ‘य’ कोठे होतो हे सांगणारे, तिसरीतील एखाद्या मुलाच्या उत्तरपत्रिकेशेजारी ठेवले गेले, तर ते मूल निरोगी आहे की साहाय्याचे अधिकारी आहे, हा निर्णय अधिक न्याय्य होईल.